केलचं कच्चं सॅलड: आधी चोळा, मग कालवा

केल या पालेभाजीचं सॅलड एकदाच खाऊन, गवत चघळल्यासारखं लागतं म्हणत त्याचा नाद सोडलेले लोक पुष्कळ. बहुतेकांनी पानं लेट्यूससारखी फाडून त्यावर ड्रेसिंग ओतलेलं असतं, मग दुसरं काय होणार? लेट्यूसचं पान नाजूक, पाण्यानं भरलेलं. केल मात्र कोबी, फ्लॉवर, नवलकोलच्या जातकुळीतला: जाड, चिवट, आणि वर मेणाचा पातळ थर. या थरामुळे पाणी पानावर ठरत नाही, आणि नुसता लिंबाचा रसही घरंगळून वाडग्याच्या तळाशी जातो. म्हणून कच्चा केल खायचा तर तो आधी मीठ-तेल लावून चोळायला हवा. विदर्भ-मराठवाड्यात कोवळ्या मेथीचा किंवा कांद्याच्या पातीचा घोळाणा करतात, त्यात तेल, मीठ, तिखट, दाण्याचा कूट घालून पाला हातानंच कालवतात. ज्याला घोळाणा जमतो त्याला हे सॅलड वेगळं शिकवायला नको, फक्त इथे हात जास्त वेळ आणि जास्त जोरात चालवायचा.

बाजारात बहुधा कुरळ्या पानांचा केल मिळतो. लांबट, गडद, खडबडीत पानांचा टस्कन केल दिसला तर कच्चं खायला तो घ्या. त्याचं पान सपाट असतं, त्यामुळे धुवायलाही सोपं. जुडी कोणतीही असो, पानं तळहाताएवढी बघा. हातभर लांब, जाड शिरांची किंवा कडेला पिवळी पडलेली नकोत. थंडीत केलच्या पानात साखर वाढते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतला केल गोडसर लागतो. एप्रिल-मेमधला कडवट निघतो, त्याची सरळ भाजी करावी. पावसाळ्यात तर कोणताच पाला कच्चा न खाल्लेला बरा.

कुरळ्या केलच्या चुण्यांमध्ये मावा (बारीक किडे) लपून बसतो. राखाडी ठिपक्यांसारखा, पानाच्या मागच्या बाजूला, शिरेलगत. नुसत्या नळाखाली धरून तो निघत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन लिटरला एक लहान चमचा मीठ घाला, पानं दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि मग हातानं हलवून वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं करू नका, खाली बसलेली माती आणि किडे पुन्हा पानांवरच येतात. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्यानं. यानंतर पानं कोरडी करायचं काम उरतं आणि नेमकं तेच लोक टाळतात. पंचात गुंडाळून झटका, पसरून पंधरा-वीस मिनिटं पंख्याखाली ठेवा. ओल्या पानांना तेल लागत नाही आणि ड्रेसिंग पाणचट होतं.

आता चिरणं. देठ एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीनं पान खालून वर ओरबाडलं की मधली जाड शीर वेगळी होते. 200 ग्रॅमच्या जुडीतून साधारण 120 ते 130 ग्रॅम पान हाती लागतं, दोघांना पोटभर किंवा चौघांना जेवणाबरोबर. पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करा आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. इथे आळस केला तर तो खाताना जबड्याला भोवतो.

पट्ट्या परातीत घ्या, कारण वाडग्यात हात नीट फिरत नाही. पाव लहान चमचा मीठ आणि दोन लहान चमचे तेल घालून मूठभर पाला घ्यायचा, दाबायचा, सोडायचा, पुन्हा दुसरा घ्यायचा. पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही, पानं हातात कुरकुरतात. मग ती मऊ पडायला लागतात, फिकट हिरव्याची गडद हिरवी आणि चकचकीत होतात, परात निम्मी रिकामी दिसते. दोन ते तीन मिनिटांत हे होतं. एक पट्टी खाऊन बघा, दाताखाली सहज तुटली की थांबा. बोटांना हिरवं पाणी लागायला लागलं म्हणजे जास्त झालं, त्यापुढे चोळलं तर पाल्याचा चोथा होतो.

ड्रेसिंगला एका मध्यम लिंबाचा रस, दोन लहान चमचे तेल, अर्धा चमचा मध, किसलेली अर्धी लसूण पाकळी, मिरपूड. मोहरीची तयार पेस्ट असेल तर अर्धा चमचा घाला, तेल आणि रस चटकन फाटत नाहीत. ऑलिव्ह तेलाचा हट्ट नको, घाण्याचं शेंगदाणा तेल इथे जास्त शोभतं. मीठ मात्र शेवटी चाखून, कारण पाल्याला आधीच लागलेलं असतं. हे सगळं कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा.

वरून काय घालायचं ते कडवटपणा सांभाळून ठरवा. काहीतरी गोड हवंच: डाळिंबाचे दाणे, सफरचंदाच्या फोडी किंवा किसलेलं गाजर, यातलं एक वाटीभर. काहीतरी कुरकुरीत: भाजून जाडसर कुटलेले दाणे दोन मोठे चमचे, नाहीतर भाजलेले तीळ. पोट भरायचं असेल तर मोड आणून वाफवलेले मूग अर्धी वाटी. मोहरी-हिंगाची फोडणी फार छान लागते, पण कोमट करून घाला. काकडी-टोमॅटो नकोत, त्यांना पाणी सुटतं.

पोषणाबद्दल वाट्टेल ते दावे ऐकू येतात, त्यातला कॅल्शियमचा खरा आहे. पालकातही कॅल्शियम असतं, पण तिथलं ऑक्झॅलेट ते शरीराला फारसं मिळू देत नाही. केलमध्ये ऑक्झॅलेट कमी, त्यामुळे त्यातलं कॅल्शियम चांगलं शोषलं जातं. क जीवनसत्त्व न शिजवल्यानं टिकतं. के जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन अंगी लागायला स्निग्धांश लागतो, म्हणून बिनतेलाचं 'डाएट' सॅलड हा उलटा उद्योग आहे. रक्त पातळ करायला वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मात्र केल एकदम सुरू किंवा बंद करू नये, के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. थायरॉइडचा त्रास असेल तर रोज भरपूर कच्चा केल खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

डब्यासाठी हे सॅलड सोयीचं, कारण चोळलेला केल फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीही चांगला राहतो. लिंबामुळे रंग जरा शेवाळी होतो, चवीत फरक नाही. कूट आणि फळं वेगळ्या डबीत न्या. न धुतलेली जुडी कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, फक्त दिवसागणिक कडू होत जाते. आणि काढलेली देठं टाकू नका, बारीक चिरून थालीपिठाच्या पिठात घाला. आमटीत टाकायची असतील तर डाळीबरोबर कुकरलाच लावा, नुसत्या उकळीत ती शिजत नाहीत.