दाराच्या मागची रेघ

पुराचा सर्व्हे केला म्हटलं की लोक आधी मगरींचं विचारतात. ऑगस्ट 2024 मध्ये वनखात्यानं तीन दिवसांत बडोद्याच्या वस्त्यांमधून 24 मगरी उचलल्या, हे साऱ्या देशाला कळलं. पाण्याचा मात्र एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, काळा घोडा पुलाजवळचा: धोक्याची पातळी 26 फूट आणि विश्वामित्री नदी 35 च्या वर. पुलावर कुणी राहत नाही. माणसं राहतात सोसायट्यांत, तळमजल्यावर. तिथलं पाणी मोजायचं, एवढाच आमच्या भूगोलाच्या तृतीय वर्षाचा प्रकल्प होता.

कॉलेजची परवानगी यायला नवरात्र उलटलं. समितीला शीर्षकपानाच्या मांडणीबद्दल शंका होत्या. तोवर अर्ध्या शहरानं दिवाळीचा रंग काढला होता आणि पुराची खूण रंगाखाली जायला लागली होती.

बाहेरच्याला वाटतं, भिंतीवर रेघ दिसते, टेप लावायची, झालं. पण भिंतीवर रेघ एक नसतेच. पाणी थांबत थांबत उतरतं आणि प्रत्येक थांब्याला गाळाची एक पट्टी सोडतं. सगळ्यांत वरची पट्टी सगळ्यांत पुसट असते. त्याच्याही वर ओलीचा डाग चढलेला असतो, कारण वीट पाणी वर ओढते. डाग मोजला की घर उगाच फूटभर जास्त बुडतं. म्हणून मी मुलांना प्लास्टर सोडून भलत्याच जागा बघायला शिकवलं: दाराची मागची बाजू, मीटरच्या पेटीचा आतला पत्रा, बेसिनखालचं कपाट. रंगारी तिथे ब्रश नेत नाहीत. मापंही दोन घ्यायची, रस्त्यापासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून रेघेपर्यंत. नाहीतर उंच जोत्याचं घर आणि रस्त्याच्या पातळीवरचं घर एकाच रकान्यात जाऊन बसतात.

लोकांना तोंडी विचारण्यात अर्थ नव्हता. ज्यांची मदतीची रक्कम अडकली होती ते छातीपर्यंत हात नेत. ज्यांना घर विकायचं होतं ते घोट्याकडे बोट दाखवत. यात मला कुणी खोटारडं वाटलं नाही, पण पाहणी खोलीत बसून फोनवर उरकणारे जे विद्वान आहेत त्यांना हे एकदा दाखवायला हवं.

त्या दिवशी आम्ही नदीच्या अंगाच्या एका सोसायटीत होतो. तिसऱ्या घरात मराठी काका-काकू. माझ्या गटातली रावपुऱ्याची मुलगी मराठीत बोलली तशी काकू खुलल्या, चहा झाला, चिवडा आला. भिंती कोऱ्या पिस्ता रंगाच्या. काका म्हणाले, "उंबऱ्याशी आलं हो, आत नाही." पोरीनं लिहिलं. मग हात धुवायला मागे गेली आणि कोठीच्या दारामागे तिला रेघ दिसली. टेप तिच्या हातातच होती. चार फूट दोन इंच.

काका तिच्या मागे येऊन उभे होते. चिडले नाहीत. मला म्हणाले, "ताई, घर काढायचंय. हिचे गुडघे गेलेत, पावसाळ्यात माळ्यावर चढणं होत नाही आता. हे लिहिलंत तर कोण घेणार?" सही केलेला फॉर्म त्यांनी परत मागितला. आमच्याच फॉर्मवर छापलेलं होतं की कधीही माघार घेता येईल. मी फॉर्म त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो नीट चार घड्या घालून खिशात टाकला.

खरी पंचाईत बाहेर आल्यावर सुरू झाली. आमच्याकडे गवंडी वापरतात तसली पारदर्शक लेव्हल ट्यूब होती, दोन्ही टोकांना पाणी समपातळीत राहतं ती. दोन्ही शेजाऱ्यांनी आपापल्या रेघा आनंदानं दाखवल्या होत्या. एका गल्लीत साचलेल्या पाण्याची पातळी घरागणिक बदलत नाही. एका रेघेवर नळीचं टोक धरलं, दुसरं काकांच्या फाटकापर्यंत नेलं, की त्यांच्या घरात किती पाणी होतं ते घरात पाऊल न ठेवता निघतं. मुलांनी मला न विचारता ते काढलंही होतं. अर्ध्या इंचाचा फरक. मापाची शाबासकी द्यायची की कान धरायचा, मला कळेना.

मी म्हटलं, नकाशात ते घर पांढरं सोडायचं, माणसानं नको म्हटलंय. रावपुऱ्याची मुलगी रिक्षात गप्प होती. अकोट्याच्या पुलावर म्हणाली, "मॅडम, संमती काकांची घेतली. जो हे घर विकत घेणार आहे त्याची कुणी घेतली?"

मी तिला नियम सांगितला. नियम बरोबरच आहे. माहिती देणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणूनच तो केलाय. पण पावसाळ्यात काकूंना माळा चढवत नाही, तशी ते घर घेणाऱ्याकडेही कुणी म्हातारी असेल. ती आमच्या नमुन्यात नाही, म्हणून तिच्यासाठी आमच्याकडे रकाना नाही.

घर पांढरंच राहिलं. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं. मुलगी म्हणाली, "सर, डावी-उजवीकडचे आकडे बघा." त्यांनी बघितले नाहीत. 'माहिती अपूर्ण' म्हणून गुण कापले आणि बांधणी छान असल्याचा शेरा दिला. त्यांनी आकडे वाचले असते तर बरं झालं असतं की वाईट, हेही मला ठरवता येत नाही, कारण जो परीक्षक वाचू शकतो तो दलालही वाचू शकतो, आणि घर घेणाराही.

यंदाच्या फॉर्ममध्ये मी एक प्रश्न वाढवायला निघाले होते: घर विकण्याचा विचार आहे का? नवी मुलं हसली. म्हणाली, मॅडम, हा प्रश्न वाचून लोक दारच उघडणार नाहीत. त्यांचं खरं आहे. प्रश्न अजून मसुद्यात आहे, पेन्सिलीनं लिहिलेला.