सोमवार, सात अठ्ठावन्न

सोमवारी सकाळी गेटवर उभं राहायची पाळी माझी असायची. ओसाकाच्या उत्तरेला, इबाराकीच्या बाजूला आमची शाळा. बालवाडी ते आठवी मिळून नव्वदेक मुलं, आणि घरांचे देश मोजायला बसलं तर वीसच्या वर. एवढ्याशा शाळेत गेटवरच्या माणसाला सगळं कळतं. कोण हांक्यू रेल्वेच्या लोकलने एकटं येतं, कोणाची आई सायकलच्या मागच्या सीटवर धाकट्याला बसवून आणते, कोणाच्या आईबाबांचं सध्या जमत नाही म्हणून एका आठवड्याला ही गाडी येते आणि पुढच्या आठवड्याला ती. आठवडा ठरलेला. सोमवारी सभा, मंगळवारी लायब्ररीत मदतीला आया, बुधवारी अर्धा दिवस, शुक्रवारी दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण. शुक्रवारचं जेवण मला खरं म्हणजे जड जायचं. पालकांशी गप्पा मारत जेवायचं म्हणजे जेवणही होत नाही आणि गप्पाही.

दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला आणखी एक काम असायचं, १७१ चं. आपत्तीच्या वेळी जपानमध्ये ही निरोपांची सेवा सुरू होते. १७१ फिरवायचा, आपला नंबर द्यायचा, आवाजात निरोप ठेवायचा. शोधणाऱ्याने तोच नंबर देऊन तो ऐकायचा. एरवी बंद असते, पण १ आणि १५ तारखेला सरावासाठी खुली ठेवतात. आमच्या ऑफिसातल्या बाई त्या दोन्ही दिवशी प्रत्येक घराचा निरोप ऐकून यादीवर टिक करायच्या. पालकांना हा छळ वाटायचा. कोणी नुसतंच ‘हॅलो, हॅलो’ म्हणून ठेवायचं, एका बाबांनी तर गाणं म्हणून ठेवलं होतं. बाईंनी तेही शेवटपर्यंत ऐकून टिक केलं.

१८ जून २०१८. शाळेचं वर्ष त्या शुक्रवारी संपणार होतं, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात सुट्टी आणि फुटबॉल. आदल्या रात्री १२ ला सुरू झालेल्या सामन्यात मेक्सिकोने जर्मनीला १-० ने हरवलं होतं, आणि पाचवीतला आमचा जर्मन मुलगा लाल डोळ्यांनी, कोणाशी न बोलता आत गेला. लवकर येणारी दहा-बारा मुलं अंगणात होती.

७:५८ ला खालून धक्का बसला. भूकंपाच्या इशाऱ्याने फोन आधी किंचाळला की जमीन आधी हलली यावर आमच्यात अजून वाद आहे. केंद्र इतकं जवळ होतं की इशारा आणि हादरा जवळपास एकदमच आले. मग आडवं हलायला लागलं. लोखंडी गेट रुळावर खडखडत मागेपुढे जात होतं, समोरच्या घराची कौलं घसरून फुटत होती. मी ओरडले खरी, पण काय ओरडले ते आठवत नाही, बहुधा मराठीतच. मुलांना माझी गरज नव्हती. ती आधीच अंगणाच्या मध्यभागी, इमारतीपासून लांब, गुडघे पोटाशी आणि हात मानेवर घेऊन गोल झाली होती. पैशासारखा गोल होणारा एक किडा असतो ना, त्याच्या जपानी नावानेच ही बैठक बालवाडीपासून शिकवतात. जर्मन मुलगाही तसाच, शेजारी मेक्सिकोचा झेंडा रंगवलेली मुलगी.

जपानी मोजमापात हादऱ्याची तीव्रता ० ते ७, त्यातही ५ आणि ६ चे कमी-जास्त असे दोन दोन भाग. इबाराकीला ‘कमी ६’ लागला. ओसाका प्रांतात १९२३ पासूनच्या नोंदींत एवढा हादरा पहिल्यांदाच. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की क्षणात सगळ्या गाड्या थांबल्या आहेत आणि आमची बरीचशी मुलं रस्त्यात आहेत.

हजेरीपट अजून वर्गात कपाटात होते. ऑफिसातल्या बाईंनी माझ्यापुढे वही धरली आणि म्हणाल्या, सांगा. मी सांगत गेले. ही चालत येते, आठ वाजता पुलाजवळ असते. हे दोघे भाऊ ७:५० च्या लोकलने निघतात. ह्याची आई सोमवारी आधी मोठीला सोडते, म्हणजे आज तो अजून घरीच. गेटवर उभं राहून जमलेल्या या चांभारचौकशा त्या वहीत भराभर उतरल्या. आमचे मुख्याध्यापक स्वतःच एका डब्यात अडकले होते. फोन लागत नव्हते, मेसेज मात्र जात होते, आणि एकेका नावापुढे खूण होत गेली. लोकलमधल्या भावांना रेल्वेच्या माणसांनी इतर प्रवाशांबरोबर रुळांवरून चालवत स्टेशनावर आणलं, आणि तिथून कोपऱ्यावरचे पिवळ्या जाकिटातले आजोबा त्यांना घेऊन आले. हे आजोबा आमच्या शाळेचे कोणीच नाहीत. गल्लीतल्या सगळ्याच मुलांना झेंडा दाखवून रस्ता ओलांडून देतात, त्यात आमचीही.

दहाच्या सुमाराला ताकात्सुकीची बातमी आली. शेजारचंच गाव. शाळेच्या पोहण्याच्या तलावाची भिंत रस्त्यावर कोसळली आणि शाळेत निघालेली चौथीतली नऊ वर्षांची मुलगी तिच्याखाली गेली. आणखी एक बातमी होती, ओसाका शहरातल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांची. तेही मुलांना रस्ता ओलांडून द्यायला निघाले होते, तेही भिंतीखालीच गेले. मी आजोबांकडे पाहिलं. ते पायरीवर बसून बुटातला खडा काढत होते, त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मुलं पालकांच्या ताब्यात द्यायचं काम सुरू झालं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड असतं, त्यावर लिहिलेल्या माणसाशिवाय कोणाच्याही हाती मूल द्यायचं नाही. अकराच्या आसपास ताई आल्या. मूळ पुण्याच्या, दर मंगळवारी लायब्ररीत असतात, माझ्या घरी गणपतीला मोदक वळायला येतात. त्यांच्या स्वतःच्या मुलाबरोबर त्यांना तिसरीतल्या एका श्रीलंकन मुलीलाही न्यायचं होतं. तिची आई ओसाका शहरात उमेदा भागात कामाला निघाली होती, गाडीत अडकली, आणि ‘लेकीला घेऊन जा’ असा मेसेज तिने ताईंना केला होता. मुलगी ताईंच्या कमरेला मिठी मारून उभी. कार्डावर नाव आईचं आणि बाबांचं. बाबा कोलंबोला.

ताईंनी फोनवरचा मेसेज दाखवला. बाई वाकून नम्रपणे म्हणाल्या, दुसऱ्याच्या फोनवरचा मेसेज चालणार नाही.

ताई माझ्याकडे वळल्या. ‘‘अगं, तू सांग ना त्यांना. तू मला ओळखतेस, पोरगी मला ओळखते.’’

‘‘ओळखते हो ताई. पण कार्डावर नाव नाहीये.’’

‘‘म्हणजे मी पळवून नेणार आहे तिला?’’

आजूबाजूच्या कोणालाही मराठी कळत नव्हतं, तरी सगळ्यांना सगळं कळलं. बाई मूळच्या कोबेच्या. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ ला तिथे भूकंप झाला, ६४३४ माणसं गेली, तेव्हा त्या कॉलेजात होत्या. याहून जास्त त्या कधी बोललेल्या नाहीत, आणि कार्डाच्या बाबतीत त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. मलाही वाटतं, नियम अशाच माणसासाठी हवा, ज्याला आपण चांगले ओळखतो. अनोळखी माणसाला कोणीही सहज अडवतं. पण ताईंच्या तोंडावर हे कसं म्हणणार? मी गप्प बसले, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

ताई अंगणातच थांबल्या, मुलीला सोडून जाईनात. आम्ही शाळेच्या साठ्यातलं पाणी आणि बिस्किटं वाटली. बाई मधून मधून ऑफिसात जाऊन १७१ फिरवत होत्या. साडेबाराला त्यांनी मला हाताने बोलावलं आणि रिसीव्हर कानाला लावला. आईचा आवाज. फोनची बॅटरी संपली होती म्हणून ती स्टेशनावरच्या हिरव्या सार्वजनिक फोनच्या रांगेत उभी राहिली होती. मुलीचं नाव, वर्ग, स्वतःचं नाव, मग ताईंचं पूर्ण नाव आणि ‘यांच्याकडे द्या’. सगळं १ आणि १५ तारखेला घोकलेल्या क्रमाने. बाईंनी कार्डावर वेळ लिहिली, ताईंची सही घेतली आणि पुन्हा वाकल्या. ताईंनी सही केली, माझ्याकडे बघितलं नाही.

मंगळवार-बुधवार शाळा बंद होती. भिंतींची तपासणी झाली. गल्लीतल्या एका उंच काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतीजवळून आमची मुलं यायची, तो रस्ता आम्ही बंद केला आणि आजोबांनी आपला कोपरा पलीकडे हलवला. गुरुवारी आया येऊन लायब्ररीतली पडलेली पुस्तकं लावत होत्या. ताईही होत्या. जपानी पुस्तकांच्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून.

शुक्रवारी वर्षाचं शेवटचं जेवण. इबाराकी-ताकात्सुकीकडचा पाइपचा गॅस अजून पूर्ण सुरू झाला नव्हता, भूकंपानंतर लाखावर घरांचा बंद झाला होता. त्यामुळे टेबलावर सगळं न शिजवलेलं किंवा विकतचं: ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, ब्रेड, काकड्या, जर्मन घरातून आलेलं थंड सॉसेज. ताईंनी मोठं पातेलं भरून दडपे पोहे आणले होते, फोडणी टेबलावरच्या छोट्या गॅसवर दिलेली. श्रीलंकन मुलगी आणि तिची आई त्यांच्या शेजारी.

मी ताटली पुढे केली. ताईंनी दोन डाव वाढले आणि वर लिंबाची फोड ठेवली.

‘‘शेंगदाणे नाही घातलेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शाळेत ॲलर्जीवाली पोरं आहेत ना. घातले असते तर अडवलं असतंस परत गेटवर.’’