चौथी सीट

लोकलच्या दुसऱ्या वर्गातला बाक तीन माणसांसाठी असतो, असे रेल्वे मानते. चौथ्याचा उल्लेख कुठल्याही नियमात नाही. तरीही गेली बावीस वर्षे दादरहून ठाण्याला परतताना मला जागा मिळाली असेल, तर बहुतेक वेळा ती चौथीच. जागा म्हणजे तरी काय, चार बोटांची फळी. एक मांडी बाकावर, दुसरी अधांतरी, एक पाय येण्याजाण्याच्या वाटेत आणि मांडीवर डब्याची पिशवी.

ही जागा शब्दांनी मागावी लागत नाही. बाकाशेजारी उभे राहून हाताने किंचित खूण केली, की तिसरा दुसऱ्याकडे आणि दुसरा खिडकीकडे सरकतो. मोबाइलवरची नजर मात्र कुणीच उचलत नाही. खिडकीपाशी बसलेल्याचे फारसे काही जात नाही. खरा त्याग तिसऱ्याचा, कारण घटकाभरापूर्वी ऐसपैस बसलेला हा माणूस उरलेला सारा प्रवास अंग चोरून करतो. त्याला 'थँक्यू' म्हणण्याची पद्धत नाही, आणि कुणी म्हटलेच तर तोच ओशाळेल. समारंभात 'आभार न मानता आपल्या ऋणातच राहू इच्छितो' असे सांगणारे वक्ते मला पूर्वी कंजूष वाटत. पण चौथ्या सीटवर बसल्यावर ते वाक्य पटू लागते. ज्याचे देणे लागतो तो कुर्ल्याला उतरून गर्दीत नाहीसा झालेला असतो, आणि आपण तिसरे होऊ तेव्हा समोर उभा असतो तो भलताच कुणीतरी.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा १४ डब्यांत मिळून सुमारे ४०० पाहुणे होते. त्यांच्यात चौथ्या सीटचा प्रश्न उद्भवला नसावा. आजच्या गर्दीसाठी रेल्वेने 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्दच घडवला आहे. त्याचा अर्थ, एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली १४ ते १६ माणसे. सुरुवातीच्या वर्षांत त्या अर्ध्या बैठकीचा मला राग येई. पूर्ण तिकिटात अर्धीच जागा का, हा माझा मुद्दा अजूनही बिनतोड आहे. फक्त संध्याकाळी सव्वासातला, एक मांडी टेकलेली असताना, तो मांडावासा वाटत नाही.

त्यातून आम्ही ठाणेकर कसारा-कर्जतच्या गाड्यांत फारसे लोकप्रिय नाही. 'ठाण्यापर्यंत लोकल असताना आमच्या गाडीत कशाला चढता?' हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि पुढे तासभर उभे राहणाऱ्या माणसाच्या तोंडी तो मुळीच गैर नाही. गंमत अशी, की असे सुनावणारे गृहस्थही बोलता बोलता चार बोटे आत सरकतात.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. घरी आजारपण होते आणि दोन रात्री जागरणात गेल्या होत्या. दादरला मिळालेली चौथी सीट घाटकोपरपर्यंत सरकत सरकत दुसरी झाली. समोर उभ्या असलेल्या एका माणसाने विचारले, 'काका, कुठे उतरणार?' या प्रश्नात आपुलकी शोधायची नसते. उत्तर मिळाले की आपली जागा त्याच्या नावावर होते, इतकेच. मी 'ठाणे' म्हणालो आणि बहुधा त्याच क्षणी झोपलो, तेही शेजारच्या अनोळखी खांद्यावर डोके टेकून. त्या खांद्याने, मला जाणवले तेवढ्यावरून तरी, एकदाही झटका दिला नाही.

'काका, उठा. मुलुंड गेलं.' उभ्या माणसाने माझ्या दंडाला हलवले. त्याला जागा हवी होती म्हणून उठवले, की मी थेट डोंबिवलीला पोहोचेन म्हणून, हा विचार मी नंतर पुष्कळ केला आणि सोडून दिला. तेव्हा मात्र रॅकवरची छत्री काढून, दाराकडे निघताना, काहीतरी बोलावे म्हणून मी मागे वळलो. तो बसला होता आणि त्याने डोळेही मिटले होते. माझ्या उशीला आलेला खांदा आता पुन्हा सरळ होऊन खिडकीकडे रेलत होता, आणि बाकाच्या टोकाला कुणीतरी नवा माणूस एक मांडी टेकत होता.