डॉल्बीवाल्याला नवीन काय ऐकवायचं?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या ज्या दुकानात मी कामाला आहे तिथे स्पीकर विकले जातात. पण माझा निम्मा वेळ जातो तो गाणी निवडण्यात. गिऱ्हाईक स्वतःच्या मोबाइलमधलं, दहा ठिकाणांहून फॉरवर्ड होत आलेलं गाणं लावायला सांगतं आणि त्यावर आठ हजारांचा न् ऐंशी हजारांचा स्पीकर जवळपास सारखाच वाजतो. म्हणून ऐकायच्या खोलीसाठी मी नवे अल्बम शोधत असते, सगळ्या प्रकारचे. आमचे जुने सेल्समन मात्र वर्षानुवर्षं तेच ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावतात. सबवूफर, म्हणजे खालचा घुमणारा आवाज देणारा स्पीकर, खपतो, हे खरं. पण त्या गिऱ्हाइकाला गाणं ऐकायची गोडी लागत नाही.

मागे दुकानात एक पोरगा आला, तासगावकडचा. स्वतःचा डॉल्बी सेट, वय फार तर पंचवीस. "ताई, घरात हळू आवाजात ऐकाय कायतरी नवीन सांगा की. धंद्यातलं सोडून." कानात सारखी शिट्टी वाजते म्हणाला आणि कान तपासणीचा कागदच पुढे केला. आलेखाची रेघ ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच सुरांपाशी, खड्ड्यात गेलेली. मोठ्या आवाजाची इजा बहुतेक तिथेच आधी दिसते. कानाला ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला उरतात पंधरा मिनिटं. मिरवणूक मात्र तासन्‌तास चालते. डॉल्बीवरून गावोगाव वाद होतात, म्हाताऱ्यांच्या छातीची, काचांची काळजी होते आणि ती व्हायलाच हवी. पण मिक्सरजवळ उभ्या असलेल्या या पोरांच्या कानांविषयी कुणीच बोलत नाही. सुपारी देणारी मंडळं तर नाहीच नाही.

त्याच्या फोनमधलं ॲप त्याला काय सुचवणार? हा कामासाठी रिमिक्स लावतो, म्हणून आणखी रिमिक्स. तो खड्डा ॲपला दिसत नाही.

मी सबवूफर बंद केला, स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले (कोपऱ्यात ठेवले की खालचा आवाज फुगतो आणि शब्द बुडतात) आणि मीटरवर आवाज ६० च्या आसपास ठेवला. निवडताना एकच हिशोब होता, अल्बमचा जीव खालच्या आणि मधल्या सुरांत हवा. झांजा, करकरीत तारा नकोत, त्या त्याला अर्ध्याच ऐकू येणार.

आधी आरूज आफताब या गायिकेचा २०२४ चा 'नाईट रेन' (Night Reign). खर्जाकडे झुकलेला आवाज, काही शब्द हैदराबादच्या मह लका बाईंचे, म्हणजे अठराव्या शतकातल्या कवयित्रीचे. "बाई भारी गातीया," एवढंच बोलला. मग 'ॲज वी स्पीक', २०२३ चा. झाकीर हुसेन, बेला फ्लेक, एडगर मेयर आणि बासरीवर राकेश चौरसिया. बेला फ्लेकचा बँजो आपल्याकडच्या बेंजो पार्टीतल्या वाद्यापेक्षा वेगळाच, पण हा नजर लावून बसला ती मेयरच्या डबल बासवर. गजाने ओढलेला तो जाड सूर त्याला पुरता ऐकू येत होता. मग आंद्रे ३००० चा 'न्यू ब्लू सन'. नावाजलेला रॅपर, आणि अख्ख्या अल्बमात रॅप नाही, नुसत्या बासऱ्या आणि संथ वाद्यं. तो मला फार आवडतो. याने मात्र थोड्या वेळाने हात वर केला. "ही बासरी माझ्या शिट्टीत मिसळतीया ताई."

शेवटी लावला 'प्रॉमिसेस', इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा. २०२१ चा, म्हणजे यादीतला सगळ्यात जुना. ४६ मिनिटांची एकच रचना, नऊ भागांत. सात सुरांची एक छोटी लड जवळजवळ शेवटपर्यंत परत परत येत राहते आणि तिच्यावर सँडर्सचा सॅक्सोफोन. चौथ्या भागात तो वाद्य बाजूला ठेवून नुसता पुटपुटतो, शब्दांवाचून. तिथे हा पुढे वाकला. सहाव्या भागात व्हायोलिनं उसळून आली तेव्हा खांदे सैल सोडून बसलेला होता. शेवटाकडे सगळं जवळजवळ थांबतं. ती माझी लाडकी जागा. तो एकदम ताठ झाला. "शांत झालं की वाजाय लागती बघा. ते टिंगटिंग चालू होतं तवर नव्हती."

शांतता ही मी आजवर गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने ऐकवत आले. चांगल्या स्पीकरची खूण म्हणजे सुरांमधली काळी, स्वच्छ जागा, हे वाक्य माझ्या तोंडी रोजचं. कानात शिट्टी असलेल्या माणसाला ती जागा रिकामी मिळतच नाही, हे त्या पोराने माझ्यासमोर बसून दाखवलं. मग त्याला "हळू, शांत संगीत ऐक" असं सरसकट सांगण्यात काय अर्थ आहे?

सीझनभर इअरप्लग घाल, दर तासाला सेटपासून लांब जा, असं मी बजावून सांगितलं. "गणपतीच्या सुपाऱ्या घेतल्यात," म्हणाला. छोटी स्पीकरची जोडी घेतली, सबवूफर नको म्हणाला.

परवा त्याचा मेसेज आला. 'प्रॉमिसेस' रात्री लावतो, शेवटचा भाग यायच्या आत पुन्हा पहिल्यापासून. अजून असलं काही आहे का, हळू वाजणारं पण मधे न थांबणारं? त्याच्यासाठी नवी यादी करायला घेतली आहे. शक्ती या बँडचा 'धिस मोमेंट' बाद, तबला आणि कंजिऱ्याच्या थापा त्याला अजून नकोत. चेलो, सरोद, खर्जातला तंबोरा, असं काही गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी सलग वाजवलेलं तुम्ही ऐकलं असेल तर सांगा.