नजर ऐकणाऱ्याकडे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत सगळीकडे हा प्रश्न माझी वाट बघत असतो. "‘अशी ही बनवाबनवी’ तुम्हाला तोंडपाठ आहे. कोण कधी काय बोलणार, सगळं ठाऊक. मग परत परत बघून हसू येतं कसं?"

येतं, आणि दर खेपेला जास्त येतं. पहिल्यांदा बघताना आपण बोलणाऱ्याकडे बघतो. पाचव्या-सहाव्या वेळी वाक्य पाठ झालेलं असतं, डोळे मोकळे होतात आणि ऐकणाऱ्याकडे वळतात. मला तर वाटतं, चांगला विनोदी सिनेमा तिथंच घडत असतो.

सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. घरमालक विश्वासराव सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी धनंजय मानेकडे पैसे दिलेले. औषध आणून देणारा माणूस वारला, असं माने सांगतो, आणि पाठोपाठ ते सत्तर रुपयेही वारले, असं कळवतो. १९८८ साली सिनेमा आला तेव्हा मी शाळेत होतो. त्या वयात मला फक्त माने झालेले अशोक सराफ दिसले. सरपोतदार झालेले सुधीर जोशी दिसायला बरीच वर्षं गेली. मेलेल्या माणसाबद्दल हळहळायचं की आपल्या पैशांचं विचारायचं, अशा पेचात सापडलेला भला गृहस्थ ते उभा करतात. त्यांनी तिथं जरा जास्त चिडून दाखवलं असतं, तर वाक्य नुसता चावटपणा ठरलं असतं. त्यांचा विश्वास बसतो, म्हणून आपण हसतो.

संवाद वसंत सबनिसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारा हा माणूस. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी सवाल-जबाबात, टाळी जबाबाला पडते, पण ती उभी करतो सवाल टाकणारा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. म्हणून या सिनेमात सरळ माणसांना जे साधे, भाबडे प्रश्न वाट्याला आलेत, ते मला आता जबाबांइतकेच मोलाचे वाटतात.

आणि "हा माझा बायको पार्वती"! भाड्याची खोली मिळावी म्हणून दोन मित्र बायका बनलेले, आणि ओळख करून देताना माने हे बोलून जातो. चार शब्द. नऊवारी, पदर, बांगड्या, सगळा जामानिमा जमलेला असतो आणि घात करतं व्याकरण. मराठीत लिंग लपवता येत नाही. हा-ही, माझा-माझी, आलो-आले, प्रत्येक शब्दाला पुरुष की बाई ते सांगावंच लागतं. साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पुढचा सगळा वेळ याच तारेवर चालतात. हे कळल्यापासून मी त्यांच्या सोंगापेक्षा त्यांच्या क्रियापदांकडे कान लावून बसतो. वाक्याच्या शेवटी आवाज कुठं सावरला जातो, ते ऐका एकदा.

१९९९ मध्ये नोकरीसाठी पुण्यात आलो, तेव्हा मी आणि दोन मित्र खोली शोधत पेठा तुडवत होतो. जिन्यात पहिला प्रश्न: "लग्न झालंय का?" नाही म्हटलं की दार लागायचं. एका घरी मावशींनी आत बोलावून पाणी दिलं, चौकशी केली आणि मग अगदी प्रेमानं नाही म्हणाल्या. त्या रात्री मित्राच्या हॉस्टेलवर सिनेमा पुन्हा बघितला. आधी तो मला वेषांतराचा वाटायचा. त्या दिवसापासून तो डोक्यावर छप्पर हवं असलेल्या चार मुलांचा झाला. हसू कमी झालं नाही, त्याला माया चिकटली.

मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, १९६६ची. त्यांचाच ‘चुपके चुपके’ (१९७५) माझ्या यादीत दुसरा. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर बनून बायकोच्या थोरल्या मेहुण्यांना बनवतो. प्राध्यापक झालेल्या धर्मेंद्रची शुद्ध हिंदी आधी लक्षात राहते, पण नंतर प्रत्येक दृश्य मेहुणे झालेले ओमप्रकाश घेऊन जातात. शुद्ध हिंदीचा हट्ट त्यांचा, आणि त्या हट्टाची शिक्षा भोगणारे कानही त्यांचेच.

‘जाने भी दो यारो’ (१९८३) मात्र वेगळ्या जातीचा. तो मी वर्षातून एकदाच बघतो. महाभारताच्या नाटकातला तो गोंधळ, साडीत गुंडाळलेलं प्रेत, आणि ज्याला काहीच दिसत नाही तो धृतराष्ट्र सारखा विचारतोय, हे चाललंय तरी काय? कॉलेजात या प्रश्नावर लोळून हसलो होतो. आता तोच एक माणूस तिथं शहाणा वाटतो. शेवटी कैद्यांच्या कपड्यात चालत येणारे ते दोघे नायक बघून झाले की मला लगेच दुसरं काही बोलवत नाही.

गेल्या दिवाळीत बंगळुरूला वाढलेला नऊ वर्षांचा भाचा घरी आला होता. आईला हल्ली नीट दिसत नाही, ती सिनेमा ऐकते, आणि वाक्याच्या आधीच्या थांबण्यालाच हसायला लागते. सरपोतदारांचा प्रसंग आला. आम्ही सगळे हसलो, भाचा गप्प.

"आजी, वारले म्हणजे?"

"मेले. पण मोठ्या माणसांबद्दल आदरानं बोलायचं असलं, की वारले म्हणायचं."

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. म्हणाला, "पण पैसे तर..." आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं. मग रिमोट माझ्या हातात कोंबून म्हणाला, "मामा, मागे घे. परत लाव."