तुम्ही विचारलंत म्हणून: दात घासूच देत नाही, काय करू?

दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आईबाबांकडून हा प्रश्न हमखास येतो: "ब्रश दिसला की तोंड घट्ट मिटतं. धरून घासले तर रडून गोंधळ, नाही घासले तर मनाला टोचणी. करायचं काय?" आणि त्याच्या पाठोपाठ, जरा हळू आवाजात, दुसरा: "दुधाचे दात पडणारच आहेत ना, मग एवढा अट्टहास कशाला?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते पटलं नाही तर पहिल्यासाठी रोज रात्री कुणी खटपट करणार नाही. दुधाचे दात एकूण २०. त्यातले पुढचे ८ दात ६-७ व्या वर्षापासून पडू लागतात, पण दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. दुसऱ्या वर्षी दाढ किडली तर ती पुढची ८-१० वर्षं निभावायची असते. दुधाच्या दाताचं कवच पक्क्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं, त्यामुळे कीड आत पोहोचायला फार वेळ लागत नाही. दुधाची दाढ अवेळी काढावी लागली की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि नंतर येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते. शिवाय एवढंसं मूल "दाढ दुखते" असं सांगत नाही. ते एकाच बाजूनं चावतं, घास तोंडात धरून बसतं, रात्री उठून रडतं, आणि आपण कारण भलतीकडेच शोधत राहतो.

आता तोंड मिटणाऱ्या पोराकडे वळू. "हट्टी आहे हो फार" हे वाक्य मी तरी सहजासहजी मान्य करत नाही. बहुतेक वेळा त्याला काहीतरी दुखलेलं असतं, आणि नेमकं काय दुखलं ते मोठ्यांना दिसत नाही.

आरशासमोर उभे राहा आणि स्वतःचा वरचा ओठ उचला. पुढच्या दोन दातांच्या बरोबर वर, ओठाला हिरडीशी जोडणारी एक पातळ पट्टी दिसेल. नखानं हलकेच टोकरून बघा. किती झोंबतं ते लगेच कळेल. लहान मुलात ही पट्टी जाड असते आणि बरीच खाली, अनेकदा दातांच्या अगदी जवळ उतरलेली असते. आपण ब्रश डावीकडून उजवीकडे सरळ फिरवतो आणि प्रत्येक फेरीत तो नेमका तिथे आपटतो. दोन-तीन दिवस असं झालं की ब्रश म्हणजे दुखणं, एवढं गणित मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं.

उपाय सोपा आहे. डाव्या हाताची तर्जनी वरच्या दातांच्या वर, हिरडीवर आडवी ठेवा. बोटाचा मऊ भाग बरोबर त्या पट्टीवर आला पाहिजे. त्याच बोटानं ओठ वर उचलला जातो आणि पट्टीही झाकली जाते. मग ब्रश बोटाच्या खालून चालवा: आधी एका बाजूचे दात, मग ब्रश उचलून दुसऱ्या बाजूचे. मधली रेषा घासत ओलांडायची नाही. नुसता एवढा बदल केला आणि आठवडाभर धीर धरला, तर पुष्कळ मुलांचा विरोध निम्म्यावर येतो.

दुसरी गडबड उभं राहण्यात असते. आपण मुलासमोर उभे राहतो, वाकतो, आणि मूल एक पाऊल मागे सरकतं. समोरून वरचे दात धड दिसतच नाहीत, मग अंदाजानं ब्रश जातो आणि हिरडीला लागतो. त्यापेक्षा जमिनीवर किंवा पलंगावर बसा आणि मुलाला उताणं झोपवून त्याचं डोकं तुमच्या मांडीवर घ्या, त्याचे पाय तुमच्यापासून लांब जातील असं. आता तुम्ही त्याच्या डोक्याच्या बाजूनं खाली बघताय. वरचा ओठ उचलला की अख्खी हिरडी दिसते. दिवा मुलाच्या डोळ्यांवर नको, तोंडात पडेल असा हवा.

घरात दोघं असाल तर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसा. मूल एकाच्या कमरेभोवती पाय टाकून त्याच्याकडे तोंड करून बसतं आणि मागे रेलून दुसऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवतं. पहिल्यानं हात हलके धरायचे आणि बोलत राहायचं, दुसऱ्यानं घासायचं. मुलाला ओळखीचा चेहरा सतत दिसत राहतो, म्हणून घाबरण्याचं प्रमाण कमी होतं. मूल झोपायलाच तयार नसेल तर त्याच्या मागे उभे राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा आणि हनुवटी तळहातावर घ्या. समोर उभं राहणं मात्र सोडाच.

तोंड उघडत नसेल तर दात बोटानं फाकवायला जाऊ नका, चावा बसेल. गालाच्या आतल्या बाजूनं, गाल आणि दात यांच्या मधून तर्जनी सरळ मागे न्या. तिथे बोट दातांच्या बाहेर असल्यामुळे चावलं जात नाही. गाल किंचित बाहेर ओढला की ब्रशला वाट मिळते. दाढांची बाहेरची बाजू तर तोंड मिटलेलं असतानाही घासता येते.

पेस्टबद्दल खूप गैरसमज आहेत, म्हणून नीट सांगते. पहिला दात आला की फ्लोराईडची पेस्ट वापरायला हरकत नाही, फक्त प्रमाण पाळायचं: ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. ट्यूबवरचं १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराईड. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट सुमारे ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे सगळी गिळली तरी साधारण ०.१ मिलिग्रॅम पोटात जातं. दोन वर्षांचं मूल थुंकत नाही म्हणून पेस्टच बंद करण्याचं कारण नाही. जाहिरातीतली लाटेसारखी लांब पट्टी मात्र चुकूनही नको, आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पेस्ट ब्रशवर नुसती ठेवली तर मूल पहिल्याच झटक्यात चाटून घेतं. ती बोटानं केसांमध्ये दाबून बसवा. तिखट, झोंबणाऱ्या चवीची किंवा भरपूर फेस होणारी पेस्ट मुलांना नकोशी होते. कमी फेसाची, सौम्य किंवा बिनचवीची पेस्ट आणून बघा, कधीकधी तेवढ्यानंच काम होतं. घासून झाल्यावर चूळ भरायला लावायची गरज नाही. पेस्टचा उरलेला पातळ थर दातांवर राहिलेलाच बरा.

ब्रश दोन ठेवा. एक मुलानं चावायचा, एक तुमच्या हातातला. चावून केस फाकलेल्या ब्रशनं हिरडीच्या कडेला साचणारा जंतूंचा चिकट थर निघत नाही आणि फाकलेले केस बोचतात ते वेगळंच. ब्रशचं डोकं लहान आणि केस मऊ असले की झालं. केस पसरले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी बदलाच. एक गोष्ट कळकळीनं सांगते: तोंडात ब्रश घेऊन मुलाला चालू किंवा पळू देऊ नका. तसं पडलं तर ब्रश टाळूत किंवा घशात घुसतो. ब्रश हातात असेपर्यंत बसून राहायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून.

घासायचं कसं, तर ब्रश थोडा तिरका, अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा धरायचा आणि छोट्या-छोट्या गोल फेऱ्या मारायच्या. जोर नको, ब्रश पेन्सिलीसारखा बोटांत धरला की जोर आपोआप कमी पडतो. मुलाचा धीर पहिल्या अर्ध्या मिनिटात संपतो असं गृहीत धरा आणि महत्त्वाचं आधी उरका. दाढा आल्या नसतील तर वरचे पुढचे दात आधी, कारण तिथे कीड लवकर लागते: खालच्या पुढच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं आणि लाळही तिथे भरपूर असते, वरचे दात उघडे पडतात. साधारण १३ ते १९ महिन्यांत पहिल्या दाढा येतात. मग सुरुवात दाढांच्या चावायच्या बाजूपासून करा, कारण तिथल्या खाचांत अन्न रुतून बसतं. खालचे पुढचे दात शेवटी, वेळ उरला तर. दोन दात एकमेकांना चिकटून असतील तर मधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही, तिथे दिवसातून एकदा फ्लॉसचा दोरा घाला.

हे सगळं कधी संपणार ते मुलाला कळलं पाहिजे. "झालंच, झालंच" म्हणत तीन मिनिटं घासलं तर दुसऱ्या दिवशी तुमच्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. मोजा. प्रत्येक कोपऱ्यात दहापर्यंत, आणि दहा म्हटलं की ब्रश खरोखर बाहेर. रोज तोच क्रम, तेच आकडे. पलंगावर की जमिनीवर, हे मुलाला ठरवू द्या. घासायचे की नाही, हे विचारूच नका. विचारलंत तर उत्तर "नाही" येणार, आणि मग ते मोडावं लागेल.

वेळ चुकते हेही फार दिसतं. झोपेनं पेंगुळलेल्या, डोळे चोळणाऱ्या मुलाचे दात घासायला घेतले तर रडणं ठरलेलं. रात्रीचं जेवण झालं की लगेच घासून टाका, भले झोपायला तास असो. त्यानंतर फक्त पाणी. झोपताना दुधाची बाटली तोंडात असेल तर आधी केलेल्या घासण्याचा काही उपयोग राहत नाही. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दातांवर राहिलेलं गोड धुतलं जात नाही आणि जंतूंना रात्रभर खाद्य मिळतं. रात्री औषधाचं सिरप द्यायचं असेल तर तेही घासण्याच्या आधी. बऱ्याच सिरपांत साखर असते. सकाळचं घासणं एखाद्या दिवशी घाईत झालं तर चालेल, रात्रीचं नाही.

काही छोट्या शंका. ब्रश आत नेला की उमासा येतो? ब्रशचं डोकं मोठं आहे किंवा तो जिभेच्या मागच्या भागाला लागतोय. गालाच्या बाजूनं आत न्या. हिरडीतून रक्त आलं? बहुतेकदा तिथे थर साचून हिरडी सुजलेली असते, म्हणून थांबू नका, हलक्या हातानं रोज घासा; आठवड्या-दीड आठवड्यात थांबलं नाही तर दंतवैद्यांना दाखवा. दाढ येते आहे आणि हिरडी फुगली आहे? तेवढी जागा स्वच्छ ओल्या कापडानं पुसा, बाकीचे दात नेहमीसारखे घासा. दुसऱ्या दाढा साधारण २३ ते ३३ महिन्यांत येतात, त्यामुळे दोन वर्षांचं शहाणं पोर अचानक ब्रश नाकारू लागलं तर आधी मागे बोट फिरवून बघा. दातांवर काळपट झाक आली असेल आणि मूल लोहाचं औषध घेत असेल, तर तो वरवरचा डाग असू शकतो, पण ते दंतवैद्यांकडूनच ठरवून घ्या.

महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, वरचा ओठ पूर्ण उचलून दातांचा हिरडीलगतचा भाग बघा. दात आधी कोरड्या कापडानं टिपून घ्या, कारण ओल्या दातावर हे दिसत नाही. हिरडीला समांतर खडूसारखी मळकट पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. खड्डा अजून पडलेला नसतो. या टप्प्यावर नीट घासणं, फ्लोराईड आणि रात्रीचं दूध आवरणं एवढ्यानं ती थांबू शकते, परतूही शकते. म्हणून त्याच आठवड्यात दाखवा. पिवळी-तपकिरी होईपर्यंत वाट बघितली तर कवच फुटलेलं असतं. दंतवैद्यांची पहिली भेट मूल वर्षाचं होण्याच्या आत व्हायला हवी, काही दुखत नसलं तरी.

आणि धरून घासायचे का? पोट बिघडलंय, ताप आहे, नुकतीच उलटी झाली आहे, अशा वेळी नाही. उलटीनंतर पाणी पाजा आणि अर्धा तास जाऊ द्या. एरवी, सगळे उपाय करूनही रडत असेल, तर रात्रीचं घासणं मी सोडायला सांगणार नाही. लंगोट बदलताना मूल रडलं तरी आपण ओला लंगोट तसाच ठेवत नाही, तसंच हे. मात्र वेळ ३० सेकंदांवर आणा, आवाज चढवू नका, हात घट्ट आवळू नका, मोजत राहा आणि संपलं की उचलून छातीशी घ्या. रोजच धरावं लागत असेल तर ओठाची ती पट्टी, पेस्टची चव आणि वेळ पुन्हा तपासा. यातलं काहीतरी अजून बोचतंय.

मूल आपलं आपण घासू लागलं तरी साधारण ७-८ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा, कारण मनगटाला तेवढं वळण तोवर आलेलं नसतं. आणि एखाद्या रात्री जेवता जेवताच झोपलं, तर उठवू नका. ओल्या कापडानं पुढचे दात जमतील तेवढे पुसा आणि कूस बदलून झोपू द्या.