ट्रकच्या लेदर सीट आणि खोबरेल तेल

इकडे टेक्सासात पिकअप ट्रक घेतला की उन्हाळ्यात पहिली वाट लागते ती आतल्या लेदरची, आणि मग घरून फोनवर सल्ला येतो, खोबरेल तेल लाव की रे! नका लावू. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा, थर असतो, तेल आत जातच नाही, वर चिकट बसतं आणि धूळ धरतं.

पाण्याचा थेंब टाकून बघा, तसाच बसून राहिला तर कोटिंग आहे. फोर्डच्या जुन्या किंग रँच ट्रकमधलं लेदर मात्र वेगळं, त्यावर थर अगदी नावाला, थेंब लगेच मुरून काळपट डाग दिसतो, त्याला कंडिशनर, म्हणजे लेदर मऊ ठेवणारं क्रीम, खरंच लागतं.

बाकीच्यांना खरी गरज सफाईची. आधी व्हॅक्यूम, नाहीतर शिवणीतली वाळू ब्रशने घासली जाऊन ओरखडे पडतात, मग पीएच न्यूट्रल (ना आम्ल ना अल्कली) क्लीनर ब्रशवर घ्यायचा, सीटवर डायरेक्ट फवारायचा नाही, विशेषतः बारीक भोकं असलेल्या व्हेंटिलेटेड सीटवर, कारण पाणी थेट फोममध्ये उतरतं. हलक्या हाताने फेस करून लगेच मायक्रोफायबरने पुसा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा, चढउतार करताना जीन्स घासून तिथे निळसर काळा थर बसतो, लोकांना वाटतं लेदरच गेलं, पण फडक्यावर तो मळ येतो ना, बघवत नाही. चकाकी आली म्हणजे स्वच्छ झालं असं नाही हां, फॅक्टरीतून येतं ते लेदर मॅटच असतं. आणि हे सगळं सावलीत, सीट गार असताना.